जपानीची बाराखडी आणि आपली पेढी

दोन वर्षांपूर्वी बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या चिरंजीवांच्या लहानशा कारखान्यात तीन जपानी पाहुणे आले होते. त्या दिवशी मीही निपाणीहून मुद्दाम गेलो होतो. ओळखी होत असता त्यांतील वयाने वडील असलेल्या गृहस्थांनी मला मोडक्या इंग्रजीत विचारले, "आपण कोठून आलात?" मी एका शब्दात "निपाणी" म्हणून मोकळा झालो. गृहस्थ क्षणभर गोंधळले आणि मग हसून कमरेत वाकले. दुभाष्यांनी खुलासा केला तो असा : जपानी मनुष्य आपल्या देशास 'निप्पोन' म्हणतो, आणि 'निप्पोन नि' म्हणजे 'जपानला'. कोठून आलात, या प्रश्नास मी 'जपानला' असे उत्तर दिल्याचे त्यांना वाटले. यावर सारे मनमुराद हसले, चहा झाला, आणि त्या हास्यविनोदात दिवसाचे काम फार सुरळीत पार पडले अशी आम्हा पितापुत्रांची समजूत झाली. ती समजूत चुकीची होती हे कळण्यास चार महिने लागले.

पाहुण्यांनी फौंड्रीतून आलेले नमुने बारकाईने पाहिले, मापे घेतली, कागदावर टिपणे केली. निरोप घेताना ते वडील गृहस्थ एक वाक्य बोलले : 'माएमुकि नि केन्तोओ शिमास.' दुभाष्यांनी त्याचे इंग्रजी केले, की आपल्या प्रस्तावाचा आम्ही अनुकूल विचार करू. 'अनुकूल' हा शब्द कानी पडताच चिरंजीवांनी नवे पॅटर्न करवून घेतले आणि एका यंत्रासाठी बँकेचे कर्ज उचलले. त्यांस मी अडविले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. पुढे आम्ही पत्रे पाठविली. प्रत्येक पत्रास अत्यंत नम्र उत्तर आले. मालाची मागणी आली नाही. अखेरीस पुण्यात जपानी शिकविणाऱ्या एका बाईंना मी ते वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखविले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "काका, हे तर तुमच्या बाजारातले 'बघू या, कळवतो' आहे."

शब्दशः अर्थ दुभाष्यांनी सांगितला तोच होता. परंतु समोरच्याचे मन न दुखविता नकार द्यावयाचा असला म्हणजे जपानी व्यवहारात हे वाक्य पुष्कळदा योजतात. निपाणीच्या पेठेत गादीवर बसणाऱ्या दहा वर्षांच्या मुलालाही 'बघू या'चा अर्थ कळतो. तोच अर्थ इंग्रजीचा कोट घालून आला आणि जन्म व्यापारात घालविलेला मी त्याला ओळखू शकलो नाही. पाहुण्यांनी आम्हास फसविले नाही, दुभाष्यांनीही नाही.

आता, जपानीचा प्राथमिक वर्ग केला असता तर ते वाक्य मला उमगले असते असा माझा दावा नाही. तेवढी समज येण्यास वर्षे लागतात. परंतु 'इत्सु?' म्हणजे 'केव्हा?' आणि 'नान्को?' म्हणजे 'किती नग?' हे दोन शब्द जरी मला येत असते, तरी जिन्यावरून उतरताना मी ते विचारले असते, आणि त्या गृहस्थांच्या मुद्रेवरून काय ते ताडले असते. गिऱ्हाइकाचा चेहरा वाचण्याची विद्या आपल्यापाशी वडिलोपार्जित आहे. दुभाषी मध्ये असला म्हणजे मात्र आपण गिऱ्हाइकाकडे न पाहता दुभाष्याच्या तोंडाकडे पाहत बसतो.

आपण सीमेवरची माणसे आहोत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हापासून भाषा हा आपल्याकडे भांडणाचा विषय होऊन बसला आहे. त्या भांडणात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. पण रस्त्यावर ते चालू असता बाजारात निराळेच काही चालत आले आहे. चिकोडी-हुक्केरीकडील शेतकरी तंबाखू घेऊन येतो तो कानडीत बोलतो, कागलकडील मराठीत. वखारीत काम करणाऱ्या बाया एकाच वाक्यात दोन्ही भाषा सुखाने नांदवितात. आमच्या आजोबांच्या चोपड्या मोडीत आहेत, आणि घरात स्वाध्यायासाठी काढतात त्या ग्रंथांच्या मूळ गाथा प्राकृतात. यासाठी आपण कधी दुभाषी ठेवला नाही. सौदा शेवटच्या दोन रुपयांवर आला म्हणजे मनुष्य आपल्या मातृभाषेत बोलू लागतो, ही गोष्ट आपल्याइतकी कोणास ठाऊक असणार?

जपानशी व्यवहार मात्र आपण सव्वाशे वर्षे इंग्रजीच्या खिडकीतून करीत आलो. १८९३ साली जमशेटजी टाटांनी निप्पोन युसेन कैशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी करून मुंबई-कोबे आगबोटी सुरू केल्या, त्या मुख्यतः कापसाच्या गठ्ठ्यांसाठी. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, त्यांच्या घराण्याने १९९७ साली टोयोटा कंपनीशी भागीदारी करून बंगळूरजवळ बिडदीस मोटारींच्या कारखान्याची सुरुवात केली. म्हणजे बेळगावच्या मातीचा जपानशी संबंध जुळला तो अगदी घरातून जुळला. आपल्या समाजापुरते पाहावयाचे तर कोबे शहरात १९८५ साली भगवान महावीरांचे मंदिर उभे राहिले आहे. ते ज्यांनी उभारले त्यांत मोत्यांच्या व्यापारासाठी तेथे जाऊन राहिलेली जैन कुटुंबे होती. मोती पारखताना दुभाष्याचा काय उपयोग? त्या मंडळींना तेथील भाषा शिकावीच लागली असणार.

दुभाष्यावर विसंबल्याने काय होते याचे एक जुने उदाहरण आपल्या शेजारीच घडले आहे. आपण चोर्ला घाट उतरून गोव्यास जातो, जुन्या गोव्यातील बॉम जेझूच्या चर्चमध्ये फ्रान्सिस झेवियर यांचे शव पाहतो. पण हे पाद्री १५४९ साली याच गोव्याहून निघून जपानात पोहोचले होते, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. त्यांच्यासमवेत आंजिरो नावाचा एक जपानी होता. तो १५४८ साली गोव्यास येऊन सेंट पॉल विद्यालयात राहिला आणि थोड्याच महिन्यांत पोर्तुगीज शिकला. झेवियर यांस जपानी येत नव्हते; सारी भिस्त आंजिरोवर. 'ईश्वर' या शब्दास जपानीत काय म्हणावे, असा प्रश्न आला तेव्हा आंजिरोने 'दाइनिचि' हा शब्द दिला. दाइनिचि म्हणजे महावैरोचन बुद्ध! झेवियर कित्येक महिने रस्त्यात उभे राहून दाइनिचीची भक्ती करा म्हणून सांगत राहिले, आणि ऐकणाऱ्यांचा ग्रह झाला की हिंदुस्थानातून बुद्धधर्माचाच एखादा नवा पंथ आला आहे. चूक कळल्यावर त्यांनी तो शब्द टाकून लॅटिनमधील 'देउस' हाच शब्द वापरण्यास आरंभ केला. आंजिरो प्रामाणिक होता. आमचेही दुभाषी प्रामाणिक होते.

त्याच पोर्तुगिजांनी जपानला आणि आपल्याला काही शब्द सारखे देऊन ठेवले आहेत. निपाणीकरांस सांगावयास आनंद वाटतो, की त्यांत पहिला मान तंबाखूचा. जपानी तिला 'ताबाको' म्हणतो. आपला 'पाव' आणि त्यांचा 'पान' हे एकाच पोर्तुगीज शब्दाचे दोन वंशज आहेत. दुकानात जाऊन 'पान' मागितले आणि पाव हाती आला तर रागावू नये.

परंतु खरी गंमत शब्दांत नसून भाषेच्या घडणीत आहे, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. जपानी ही फार अवघड भाषा, असा आपल्याकडे समज आहे. तो इंग्रजी पुस्तकांतून आलेला आहे. इंग्रजास ती अवघड खरीच, कारण त्याचे क्रियापद वाक्याच्या मध्ये बसते आणि जपानीचे शेवटी. आपले कोठे बसते? 'मी बेळगावहून पुण्याला जातो' हे वाक्य कानडीत 'नानु बेळगावियिंद पुणेगे होगुत्तेने' असे होते, आणि जपानीत 'वाताशि वा बेरागाबि कारा पुने नि इकिमास' असे. 'कारा' म्हणजे '-हून', 'नि' म्हणजे '-ला', आणि जाणे अखेरीस. शब्दास शब्द लावून पाहा, एकही जागा बदलावी लागत नाही. (त्या दिवशी मी 'निपाणी कारा' एवढे म्हणालो असतो तर गोंधळ झाला नसता, अर्थात हशाही झाला नसता.) प्रश्न विचारावयाचा तर वाक्याच्या शेवटी 'का' लावावयाचा. 'कोरे वा होन देस का?' म्हणजे 'हे पुस्तक आहे का?' हा 'का' ऐकून मी शिकविणाऱ्याला दोनदा विचारले, की तू माझी थट्टा तर करीत नाहीस? थट्टा नव्हती. दोन्ही 'का' एका कुळातले नाहीत, योगायोगाने सारखे आहेत. पण योगायोगाने मिळालेला नफा कोणी व्यापारी परत करीत नाही.

लिंगभेद नाही. तो जातो, ती जाते, ते जातात, सर्वांस 'इकिमास' एकच. ज्या आमच्या कानडी बंधूंना मराठीतील 'तो टेबल, ती खुर्ची, ते कपाट' यांनी जन्मभर छळले आहे, त्यांना जपानी पाहून हायसे वाटेल.

उच्चारांच्या बाबतीत तर मराठी मुलास आयती मिळकत आहे. 'त्सु' हा जपानी उच्चार हिंदी वा इंग्रजी बोलणाऱ्यास जड जातो. आपण 'चूल' आणि 'चूक' म्हणताना जो दातांजवळचा 'च' काढतो, तो त्याच्या अगदी शेजारचा आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही तेथे अर्थाचा भेद असतो : 'ओबासान' म्हणजे मावशी-आत्या, 'ओबाआसान' म्हणजे आजी. एका मात्रेने बाईचे वय वाढते, तेव्हा जपून बोलावे. 'किते' म्हणजे 'ये', आणि 'कित्ते' म्हणजे पोस्टाचे तिकीट. जोडाक्षरे घोटलेल्या मुलास हे सांगावे लागत नाही. रोमन अक्षरांतून शिकणारा मात्र येथे हटकून घसरतो.

आणि मुळाक्षरे! जपानी मूल ज्या क्रमाने अक्षरे शिकते तो क्रम असा आहे : अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व यांच्या ओळी. बहुतेक ओळींत पाच स्वरांची पाच रूपे : का, कि, कु, के, को. ही आपली बाराखडीच झाली, फक्त आखूड. हा क्रम सहज जुळलेला नाही. भारतातून चीनमार्गे गेलेल्या सिद्धम् लिपीचा अभ्यास तेथील बौद्ध भिक्षू करीत, त्या अभ्यासातून ही मांडणी तयार झाली असे विद्वान मानतात. आजचा 'ह' पूर्वी 'प' होता, हे कळले म्हणजे 'त, न, प, म, य, र, व' ही आपल्या वर्णमालेची चाल स्पष्ट दिसते. बोधिसेन नावाचे भारतीय भिक्षू ७३६ साली जपानात पोहोचले आणि ७५२ साली नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्यांच्या हस्ते झाला. तेव्हापासून तेथील विहारांत आपली अक्षरे जपली गेली आहेत. वारांचेही तसेच. रविवार सूर्याचा, सोमवार चंद्राचा, मंगळवार मंगळाचा, या क्रमाने सातही वार आपल्याच ग्रहांचे. शुक्राला ते सोन्याचा तारा म्हणतात, म्हणून त्यांचा शुक्रवार 'किन्योओबि' हा सोन्याचा वार ठरतो. सराफ बंधूंनी नोंद घ्यावी.

आकड्यांकडे वळतो, कारण आपल्या पोटाचा प्रश्न तेथे आहे. दहापर्यंतचे आकडे पाठ झाले की नव्याण्णवपर्यंतचे आपोआप येतात. अकरा म्हणजे 'दहा-एक', एकोणपन्नास म्हणजे 'चार-दहा-नऊ'. आपल्या मुलांना एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांच्या जंगलातून जावे लागते तसे काही नाही. महिन्यांना नावेच नाहीत : पहिला महिना, दुसरा महिना, याप्रमाणे बारा. पण पुढे एक खड्डा आहे. आपण हजारानंतर दोन-दोन शून्यांनी चढतो, लाख आणि कोटी. इंग्रज तीन-तीन शून्यांनी. जपानी चार-चार शून्यांनी. दहा हजारांस त्यांचा स्वतंत्र शब्द आहे, 'मान'. तेव्हा आपला एक लाख म्हणजे त्यांचे दहा मान, आपले एक कोटी म्हणजे हजार मान, आणि आपले दहा कोटी म्हणजे एक 'ओकु'. दुभाषी मानाचे इंग्रजी करणार, आपण इंग्रजीचे लाख करणार; म्हणजे भाव सांगताना एका आकड्याची दोनदा उलथापालथ. एक शून्य कोठे सांडले तर ते कोणाच्या खात्यावर टाकावयाचे? मान आणि ओकु यांचा हा कोष्टक प्रत्येक पेढीवर भिंतीस टांगून ठेवण्याजोगा आहे.

आदरार्थी भाषा हे आणखी एक प्रकरण. दुसऱ्याच्या नावापुढे 'सान' लावावयाचा, स्वतःच्या कधीही नाही. स्वतःचे वडील 'चिचि', दुसऱ्याचे वडील 'ओतोओसान'. आजच्या तरुणांना हे विचित्र वाटेल, पण ज्यांनी 'आपले चिरंजीव' आणि 'आमचा मुलगा', 'आपले येथील' आणि 'आमचे गरिबाघरचे' असा भेद पाळून पत्रे लिहिली आहेत, त्या वडील मंडळींना ते ओळखीचे वाटेल. संभाषणात पाहुणे वारंवार 'हाइ, हाइ' म्हणतात. त्याचा अर्थ 'होय' असा कोशात असला, तरी बहुतेक वेळा तो आपल्या 'हं, हं'सारखा, म्हणजे ऐकतो आहे, इतकाच असतो. आमच्या बैठकीत मी त्या 'हाइ' मोजीत होतो आणि प्रत्येक 'हाइ'बरोबर माझा नफा वाढत होता!

येथवर सोपे ते सांगितले. अवघड आहे तेही सांगितले पाहिजे, नाही तर मी आणि जाहिरातवाले यांत फरक तो काय? हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमालिका प्रत्येकी ४६ अक्षरांच्या. त्या रोज एक तास दिला तर महिना-दीड महिन्यात येतात. परंतु त्यांच्याबरोबर चिनी चित्राक्षरे आहेत, त्यांना 'कांजि' म्हणतात. नित्य व्यवहारासाठी जपान सरकारने ठरविलेल्या यादीत ती २,१३६ आहेत, आणि एकेका अक्षराचे दोन-दोन, तीन-तीन उच्चार. वर्तमानपत्र वाचावयाचे तर यांतून सुटका नाही, आणि हे काम महिन्यांचे नसून वर्षांचे आहे.

हे मी जोर देऊन लिहितो याला कारण आहे. जपानात माणसे कमी पडू लागली आहेत. परदेशी कुशल कामगारांस घेण्याची नवी व्यवस्था त्या देशाने २०१९ साली सुरू केली, तीबाबत भारताशी जानेवारी २०२१ मध्ये करार झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही सरकारांनी पाच वर्षांत पाच लाख माणसांची देवाणघेवाण करण्याचे ठरविले. त्यांत भारतातून जपानला जाणारे ५०,००० कुशल लोक धरले आहेत. बातमी खरी आहे, संधीही खरी आहे. पण बातमीच्या मागोमाग दलाल येतात. आमच्या मेहुण्यांचा मुलगा, यंत्रविद्येची पदविका घेतलेला, एका मोठ्या शहरातील कोणा संस्थेस एक लाख ऐंशी हजार रुपये भरून बसला. 'नव्वद दिवसांत एन-४, पुढे नोकरी.' नव्वद दिवस त्यांनी त्याच्याकडून रोमन अक्षरांतील वाक्ये पाठ करून घेतली. परीक्षेत समोर आली ती जपानी अक्षरे! मुलगा नापास होऊन घरी आला आणि पुढे कित्येक दिवस जेवणाच्या पानावरही कोणाशी बोलत नसे. मेहुण्यांनी पैसे गेल्याचे कधी काढले नाही. मुलगा गप्प झाला याचेच त्यांना दुःख.

तेव्हा पालकांनी एवढे ठाऊक करून घ्यावे. जपानी भाषेची जी मान्यताप्राप्त परीक्षा आहे, तिच्या एन-५ पासून एन-१ पर्यंत पाच पायऱ्या आहेत. एन-५ ही सर्वांत खालची. आपल्याकडे ती जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. पुणे आणि बंगळूर ही दोन्ही केंद्रे आपणांस जवळची. एन-५ साठी सुमारे ८०० शब्द आणि शंभर कांजि लागतात, असे शिक्षक धरून चालतात. कुशल कामगार म्हणून जावयाचे तर सामान्यतः एन-४ अथवा त्याच तोलाची दुसरी परीक्षा, आणि शिवाय त्या धंद्याची कौशल्यपरीक्षा द्यावी लागते. आणखी एक गोष्ट जाहिरातीत कोणी छापीत नाही : या पाच पायऱ्यांपैकी एकीतही तोंडी परीक्षा नाही. प्रमाणपत्र असलेल्या मुलास बोलता येतेच असे नाही. नव्वद दिवसांत काय येते? दोन अक्षरमालिका, आकडे, नमस्कार-चमत्कार आणि भाव विचारणे. ते थोडे नव्हे. पण ते एन-४ नव्हे.

त्याच मुलाने पुढे वही घेऊन पहिल्या अक्षरापासून पुन्हा आरंभ केला. गेल्या वर्षभर रविवारी सकाळी तो मला शिकवितो, आणि मी त्याला हुंडी कशी लिहीत असत ते सांगतो. त्याच्या शिकवणीत आमच्या नव्वदीच्या मातोश्रीही ऐकत बसतात. जपानीतील प्रत्येक नम्र क्रियापदाचा शेवट 'मास' असा होतो. 'इकिमास', 'ताबेमास', 'नोमिमास' हे तासभर ऐकून एके दिवशी त्या म्हणाल्या, "अण्णा, या पोराला सांग, जैनाच्या घरात सारखं मास-मास काय लावलंय?" त्यांना खुलासा केला. त्यांचे पुरते समाधान झालेले नाही.

आईंच्या बोलण्यावरून मुद्द्याची गोष्ट निघाली. आपल्या समाजातील जी मुले जपानला जातात वा जातील, त्यांच्या आयांना पहिली काळजी भाषेची नसते, जेवणाची असते. 'मी शाकाहारी आहे' एवढे इंग्रजीत सांगून तेथे भागत नाही. भाजीच्या, शेवयांच्या, डाळीसारख्या दिसणाऱ्या मिसोच्या कढणात 'दाशि' नावाचे पाणी असते, ते पुष्कळदा वाळविलेल्या माशाचे केलेले. वाढणाऱ्याच्या दृष्टीने त्यात मासा नाहीच, तो पदार्थाचा आधार आहे. म्हणून तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो. तेव्हा 'कोरे नि साकाना गा हाइत्ते इमास का?' म्हणजे 'यात मासा आहे का?' एवढ्यावर न थांबता 'दाशि वा?' असेही विचारावे लागते. कांद्यास 'तामानेगि', मांसास 'निकु', आणि लसणीस 'निन्निकु'. शेवटच्या दोहोंत गल्लत करू नये. तेथील बौद्ध विहारांत 'शोओजिन' नावाचा स्वयंपाक असतो. हा शब्द म्हणजे संस्कृत 'वीर्य' याचे चिनीतून आलेले भाषांतर. त्यात मांस-मासळी नसते, आणि परंपरेने कांदा-लसूणही नसतो. कंदमुळांचा निषेध मात्र त्यांस ठाऊक नाही. मुळा, गाजर यांविषयी स्वतंत्र विचारावे. घरातून निघणाऱ्या मुलास लोणच्याच्या बरणीबरोबर ही चार वाक्ये बांधून द्यावीत.

कोणी म्हणतील, आता खिशातील मोबाइल सारे भाषांतर करून देतो, मग हा उपद्व्याप कशाला? मीही तो वापरतो. पाकिटावरील यादी वाचण्यास, पत्राचा मथितार्थ कळण्यास तो चांगला आहे. परंतु जपानी बोलण्यात कर्ता पुष्कळदा गाळलेला असतो. कोण देणार, कोण घेणार, हे प्रसंगावरून ओळखावयाचे. यंत्र तेथे अंदाज करते, आणि सौद्यात अंदाज कोणाचा चालवून घ्यावयाचा हे आपण ठरविलेले बरे. 'केन्तोओ शिमास'चे भाषांतर त्यानेही 'विचार करू' असेच दिले. मी करून पाहिले.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : आपल्याकडे जपानी गिऱ्हाईक आहे कोठे? निपाणीची तंबाखू विडीची, ती काही जपानी ओढणार नाही. खरे आहे. बेळगावच्या फौंड्र्या आणि यंत्रशाळा सोडल्या तर पाच वर्षांत कदाचित एकही मागणी येणार नाही. पण तंबाखूच्या धंद्यातील घरांत पुढची पिढी वखारीत बसावयास तयार नाही, हे आपण सर्व जाणतो. ती बाहेर जाणार आहेच. ती दलालाचा हात धरून जावी की स्वतःच्या पायाने, एवढाच प्रश्न आपल्या हाती आहे. आमच्या कारखान्याच्या माळ्यावर पडलेल्या त्या पॅटर्नांच्या किमतीत आपल्या मंडळाचा एक वर्ग दोन वर्षे चालला असता.

माझी सूचना अशी, की मंडळाने आपल्या सभागृहात आठवड्यातून दोन दिवस, दुकाने वाढविल्यानंतर, नऊ महिन्यांचा प्राथमिक वर्ग सुरू करावा. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकविले जाते. तेथे तयार झालेला शिक्षक शोधावा, त्यास यावयाजावयाचे भाडे आणि योग्य मानधन द्यावे, आणि कृपा करून त्या मानधनात घासाघीस करू नये. पहिले दोन महिने केवळ अक्षरे. रोमन लिपीस वर्गात मज्जाव. नोकरीचे आश्वासन कोणी देऊ नये, मागू नये. ज्यांस परीक्षा द्यावयाची त्यांनी डिसेंबरात पुण्यास जावे.

स्त्रियांनाही वर्गात घ्यावे, आणि मागील बाकावर नव्हे. अण्णासाहेब कर्व्यांच्या हाती जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका पडली, तीतून स्फूर्ती घेऊन त्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. त्या घटनेस शंभरावर वर्षे झाली. आणि परक्या देशाची भाषा शिकण्याचा कंटाळा येईल तेव्हा सुझुको ओहिरा या जपानी विदुषींचे स्मरण करावे. त्यांनी आपल्या तत्त्वार्थसूत्राचा भाष्यासह अभ्यास करून त्यावर ग्रंथ लिहिला, तो १९८२ साली अहमदाबादेस प्रसिद्ध झाला. सूत्र समजून घेण्यासाठी त्यांना संस्कृत किती घोटावे लागले असेल! आपल्याला त्यांच्या लिपीची दोनदा सेहेचाळीस अक्षरे घोटावयाची आहेत.

वर्गास निदान बारा नावे हवीत, असे त्या पुण्याच्या बाईंचे म्हणणे आहे. माझे नाव पहिले लिहावे. दुसरे आमच्या सूनबाईंचे. त्यांनी ते स्वतःहून सांगितले आहे. चिरंजीव 'बघू या' म्हणतात.